घुंडीच्या खाली

हनुवटीखाली गळ्याच्या पुढच्या अंगाला एक कठीण उंचवटा हाताला लागतो. आवंढा गिळला की तो वर जातो आणि पुन्हा जागेवर येतो. आमच्या गावात त्याला घाटी म्हणतात. माणसाचं सारं बोलणं तिथून निघतं. पोरगा वयात आला, आवाज चिरकायला लागला, की बाया एकमेकींना सांगतात, ‘घाटी फुटली गं त्याची.’ भजनाला बसलं की तीच जागा कंठ होते. भांडण लागलं की तिचंच नरडं होतं, आणि पावसात भिजून आलं की घसा. अक्कलकोटाकडून बैल घ्यायला येणारे व्यापारी वरपासून खालपर्यंत सगळ्यालाच गंटलू म्हणतात. एकाच वीतभर जागेला माणसानं इतकी नावं दिली, कारण त्या वीतभर जागेतून वारा जातो, घास जातो, आणि शब्द बाहेर येतो. यातलं काय कधी अडेल त्याचा नेम नसतो.

पण आमच्या गावात एक माणूस त्या उंचवट्याला घुंडी म्हणायचा. सदऱ्याच्या गुंडीसारखी गोल, म्हणून घुंडी. दुसऱ्यांना तो नुसता शब्द होता. त्याचं घर त्या शब्दावर चाललेलं होतं. तो दावल मुलाणी.

करकंबापासून कोसा-दीड कोसावर आमचं गाव. काळी जमीन, शाळू आणि करडई, ओढ्याच्या कडेनं बाभळी. गावात मराठ्यांची घरं पुष्कळ, मुलाण्याचं घर एकच. तरी त्या एका घरावाचून गावाचं चालत नसे. मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय आमच्या कुठल्याच घरात मटणाला आधण ठेवलं जात नव्हतं. लक्ष्मीआईची जत्रा असो, पोराचं जावळ असो, नाहीतर पाटलाचा जावई आला असो, बकरं धरून माणसं उभी राहायची आणि दावलची वाट बघायची. तो यायचा, बकऱ्याला पाणी पाजायचा, सुरी पाठीमागं धरून त्याच्या डोळ्यांआड ठेवायचा. मग बकऱ्याचं तोंड मावळतीकडं करून त्याला आडवं करायचं. डाव्या हातानं जबडा धरून मान ताणायची, त्याच हाताचा अंगठा घुंडीवर ठेवायचा, आणि अंगठा हळूच खाली सरकवून थांबवायचा. तिथं सुरी. घुंडी मुंडक्याकडं राहिली पाहिजे, धडाकडं नाही. वाऱ्याची नळी, चाऱ्याची नळी आणि दोन्ही बाजूंच्या दोन शिरा, चारी एका ओढीत गेल्या पाहिजेत. आणि सुरी ओढताना तोंडानं अल्लाचं नाव, मोठ्यानं, चारचौघांना ऐकू जाईल असं. त्याच्या बापानं त्याला एवढंच शिकवलं होतं, आणि त्याच्या मते एवढं पुरेसं होतं.

त्या कामामुळं त्याला एक खोड लागली होती. तो माणसाशी बोलायला लागला की डोळ्यांकडं बघायचा नाही, गळ्याकडं बघायचा. कुठल्या पोराचा आवाज फुटणार ते त्याला पोराच्या आईच्या आधी कळायचं. आमचे चुलते कोंडीबातात्या त्याचे लहानपणापासूनचे सोबती. ते त्याच्यासमोर बसताना मुद्दाम उपरणं गळ्याभोवती गुंडाळायचे.

“दावल्या, वर बघून बोल.”

“वरच बघतुया की.”

“माझ्या नरड्याकडं बघतुयास तू. मी काय आईला सोडलेलं बकरं हाय का?”

“बकऱ्याची घुंडी बरी असती. तुझी नुसती सुपारी अडकल्यावानी दिसती.”

असं त्यांचं चालायचं. पण एक गोष्ट तात्यांनी काढली की दावल गप्प व्हायचा. ती पळालेल्या बकऱ्याची.

बाप वारल्यावर दावलच्या हातात पहिल्यांदा सुरी आली ती जत्रेतच. मिसरूड नुकतं फुटलेलं. आणि पहिलं बकरं आमचं, तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा असलेलं. तात्यांनी मागचे पाय धरले होते. हलग्या वाजत होत्या, सगळं गाव कोंडाळं करून बघत होतं. दावलचा अंगठा जागेवर गेला, तोंडातून नाव गेलं, सुरी टेकली, आणि एवढ्या डोळ्यांच्या भारानं म्हणा, हात मध्येच हलका पडला. रक्त दिसलं तसं तात्यांना वाटलं झालं. त्यांनी पाय सोडले. बकरं उठलं. उठलं आणि हलग्यावाल्यांच्या मधून, शेंगदाणेवाल्याची पाटी उलथवून, ओढ्याच्या दिशेनं सुटलं. बाया किंचाळल्या, पोरं हसली, आणि दावल हातात सुरी घेऊन त्याच्या मागं धावला. त्याच्या मागं तात्या. ओढ्यातल्या बाभळीखाली त्यांना ते सापडलं. पुढचं काम दावलनं तिथंच पुरं केलं. पण ते बकरं आईच्या नैवेद्याला चाललं नाही, कुणी खाल्लंही नाही. ओढ्यातच पुरलं.

गावानं त्याला दोष दिला नाही, पण विसरलंही नाही. त्यानंतर त्याचा हात कधी चुकला नाही. त्याच्या सुरीखाली जनावर तडफडत नाही, असं करकंबच्या बाजारातसुद्धा बोललं जायचं. तरी कुणाशी जरा तोंडातोंडी झाली की समोरचा म्हणायचा, “जा जा, तुझं बकरं बघ कुटं पळालं ते!” आणि सगळ्यांत जास्त वेळा हे म्हणणारे आमचे तात्या.

दावलचा आवाज मात्र सारं झाकून टाकायचा. गावाच्या वरच्या अंगाला पीराचं ठाणं आहे. तिथं तो झाडलोट करायचा, दिवा लावायचा आणि बांग द्यायचा. ती बांग विहिरीवर मोट हाकणाऱ्यापर्यंत पोचायची. आमच्या घरी पहाटेच्या बांगेला चूल पेटायची आणि सांजेच्या बांगेला गुरं आत घ्यायची. रांगडा, सरळ, कुठं न थरथरणारा आवाज. जत्रेत शंभर हलग्यांच्या वर त्याचं अल्लाचं नाव ऐकू यायचं, आणि मग गावाला वाटायचं, झालं, आईला पोचलं.

तो आवाज बसला, ते सोलापुरातला तीस सालचा लष्करी कायदा उठून सहा-सात महिने झाले होते त्या सुमाराला.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. हिवाळा होता. त्याची बायको मलनबी त्याला हळदीचं दूध द्यायची, आमच्या घरून ज्येष्ठमध जायचं. आवाज यायचा, पण चाळणीतून गाळल्यासारखा. मग तो नुसता खरखरायला लागला. बांग पीराच्या ओट्याखाली उतरेना. उन्हाळा लागला तेव्हा एक दिवस तो तात्यांबरोबर ओढ्यातून गावाकडं चढ चढत होता. तात्या पुढं होते. मागून त्यांना आवाज आला, सुर्र, सुर्र, बैलाच्या चामड्याच्या भात्यातून वारा फुटावा तसा. तात्या थांबले. वळून बघितलं तर दावल गुडघ्यांवर हात टेकून उभा, तोंड उघडं, आणि तो आवाज त्याच्या गळ्यातून येत होता.

तात्या पुढं आम्हाला सांगायचे, “मला त्यो आवाज ओळखीचा वाटला रं. कुटं ऐकलाय ते ध्येनात येईना. पर अंगावर काटा आला.”

त्या दिवशी तात्यांनी थट्टा केली नाही. घरी येऊन पाटलांकडं गेले. आबासाहेब पाटील सरळ माणूस. म्हणाले, “गाडी जुंपा. सोलापूरला न्या. तितं मोठा डाक्टर हाय, ईश्वरप्पा म्हनून. माझ्या भावजयीच्या कानाचं त्येनंच केलं.”

बैलगाडीनं मोडनिंब, तिथून छोट्या रेल्वेनं कुर्डूवाडी, आणि कुर्डूवाडीहून मोठ्या गाडीनं सोलापूर. दावल, मलनबी आणि तात्या. दावलला आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून तो साऱ्या वाटेत मलनबीच्या खांद्याला टेकून बसला होता. डब्यात लोक गप्पा थांबवून त्याच्याकडं बघायचे. श्वास आत जाताना शिट्टी वाजायची. त्याला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की शिट्टी वाढायची.

दवाखान्याच्या मागच्या पेठेत माग चालत होते. त्यांची खटखट भिंतीतून यायची. डॉक्टर ईश्वरप्पांनी कपाळाला भोकाचा आरसा बांधला, दावलची जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, एक इवलासा आरसा दिव्यावर ऊन करून घशात घातला, आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग आरसा काढून शांतपणे सांगितलं.

“स्वरयंत्राच्या आत गाठ आहे. वाट जवळजवळ बुजलीय. आता वारा जातोय तो सुतासारख्या फटीतनं जातोय. ती फट बंद झाली की संपलं. गाठ मला काढता येणार नाही. पण तिच्या खाली श्वासनळीला भोक पाडून चांदीची नळी बसवतो. मग श्वास वरून घ्यायची गरजच नाही.”

तात्यांनी विचारलं, “सोरयंत्र म्हंजे?”

“तुमच्याकडं घाटी म्हणतात ना, ते. वाऱ्यातनं आवाज करणारी पेटी आहे ती.” आणि डॉक्टर दावलकडं वळले. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्याच्या गळ्याच्या उंचवट्यावर ठेवलं, हळूच खाली सरकवलं, आणि थांबवलं. “इथं. घाटीच्या खाली.”

दावलचा चेहरा उतरला. तो उठला, डोक्याचा रुमाल नीट केला, आणि सुर्र सुर्र करत खोलीबाहेर गेला. मलनबी त्याच्या मागं धावली. तात्या डॉक्टरांकडं बघून हात जोडून म्हणाले, “येतो जी, आलोच,” आणि तेही गेले.

दावल व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. त्याचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता, तोही मध्ये मध्ये थांबून. त्यानं तात्यांना जवळ ओढलं.

“गाडी कवाची हाय?”

“कसली गाडी?”

“घरची. चला.”

“आरं, डाक्टर म्हनतोय—”

“त्येनं घुंडी धरली, कोंडीबा. बोट खाली घेतलं.” तो थांबला, शिट्टी वाजली. “त्ये बोट माझं हाय. जलमभर मी हेच केलंय. हितं सुरी लागल्यावर उठलेलं जनावर मी बघितलं न्हाय.”

मलनबी रडायला लागली. तिला वाटत होतं, ह्या माणसाला आपण काय समजावणार. गळ्याबद्दल ह्याला जेवढं ठाऊक, तेवढं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याला पाणी खोल किती ते माहीत असतं, त्याला ढकलून काठावरून उडी मारायला लावता येत नाही.

“घरी जाऊन मरंन,” दावल म्हणाला. “पीराजवळ.”

तात्या त्याच्या शेजारी पायरीवर बसले. तंबाखू काढली, मळली, पण तोंडात टाकली नाही. मागांची खटखट चालू होती. शेवटी ते म्हणाले, “बघितलंस की.”

“काय?”

“उठलेलं जनावर. बघितलंस की तू.”

दावलनं मान फिरवली. त्याला वाटलं, ह्या घडीलासुद्धा हा माणूस मला तेच ऐकवतोय. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

“थट्टा न्हाय रं,” तात्या घाईनं म्हणाले. “पीराची आन. नीट आठव. बाभळीखाली उभं हुतं. उभं! पाय बी लटपटत न्हवतं. आन् गळ्यातनं वारा चालला हुता, सुर्र, सुर्र. तुझा आवाज त्या चढावर ऐकला तवा मला ध्येनात येईना कुटं ऐकलाय. आत्ता आलं.”

दावल ऐकत होता.

“त्वांड उघडत हुतं, पर ओरडता येत न्हवतं. वारा खालच्या खालीच जायचा. मग तू काय केलंस?”

दावल आपल्या तळव्याकडं बघत होता.

“तू सुरी खाली ठिवलीस. आन् तळवा त्याच्या गळ्यावर दाबलास. रगत थांबवायला म्हन, का कशाला म्हन. आन् त्ये ओरडलं. बें करून ओरडलं, दावल्या. हुतं का न्हवतं?”

ही गोष्ट त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. गावाला पळालेलं बकरं माहीत होतं, ओरडलेलं नाही. तात्यांनी आयुष्यभर त्याला पळण्यावरून चिडवलं, पण ओरडण्याचं कधी तोंडातून काढलं नव्हतं. कारण त्या ओरडण्यानंतर दावल त्या ओढ्यात बसून लहान पोरासारखा रडला होता, आणि मग डोळे पुसून त्यानं सुरी उचलली होती.

दावलचा अंगठा आपोआप आपल्याच गळ्यावर गेला, घुंडीवर टेकला, खाली सरकला. तिथं तो थांबला. मग तो उठून पुन्हा आत गेला.

डॉक्टर दुसऱ्या रोग्याला बघत होते. दावल दारात उभा राहिला. डॉक्टरांनी खूण केली तसा पुढं आला आणि कुजबुजला, “चारातल्या किती?”

डॉक्टरांना कळलं नाही. तात्यांनी मागून सांगितलं, “त्यो मुलानी हाय जी. वाऱ्याची नळी, चाऱ्याची नळी, दोन शिरा. त्यातल्या किती कापनार म्हनतोय.”

डॉक्टर हसले नाहीत. हातातलं काम खाली ठेवून त्यांनी आपलीच मान वर केली आणि आपल्याच गळ्यावर दाखवलं. “एकच. वाऱ्याची. तीही पुरी नाही. पुढच्या भिंतीला करंगळी जाईल एवढी खिडकी. मागच्या नळीला हात लावणार नाही. शिरा बाजूला सारून धरतो. माझ्या हाताखालचा माणूस तेवढंच काम करतो.”

“आन् घुंडी?”

“आहे तिथंच राहील.”

“मग बोलनं?”

“नळीच्या तोंडावर बोट ठेवलंत तर वारा वर जाईल. वरच्या फटीतनं जेवढा निघेल तेवढा शब्द निघेल. चार शब्द निघतील. गप्पा नाही मारता येणार. आणि पुढं किती वर्षं, ते मी सांगू शकत नाही. गाठ आहेच.”

दावलनं मान हलवली. मग त्यानं आणखी एक मागणं मागितलं. टेबलावर निजवताना त्याचं तोंड मावळतीकडं करू नये. डॉक्टर म्हणाले, टेबल खिडकीच्या उजेडाला लावलेलं आहे आणि खिडकी उत्तरेला आहे. दावलनं खिडकीकडं बघून खात्री करून घेतली.

मलनबी पुढं कितीतरी वर्षं बायकांना सांगायची, की त्याची खरी भीती मोडली ती आणखी वेगळ्याच गोष्टीनं. आत नेण्याच्या आधी त्यानं पाणी मागितलं. दवाखान्यातल्या बाईनं नाही म्हटलं. मलनबी चिडली. “अगे, मरते आदमीकू पानी नै देते?” पण दावल तिच्याकडं बघून हसला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसला. त्यानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, “पानी नै देते. मतलब काटते नै.”

त्याच्या खांद्याखाली उशी सारली, मान मागं ताणली. तो ताण त्याच्या अंगठ्याच्या ओळखीचा होता. गळा सुईनं बधिर केला होता, पण तो जागा होता. डोळे मिटून पडला होता. पुढं तो तात्यांना बोटानं आणि खुणेनं सांगायचा, की सुरी लागली ते कळलं नाही, पण वारा आला ते कळलं. किती दिवसांनी असा वारा आला. खोल, गार, छातीच्या तळापर्यंत. आणि गळ्यातली शिट्टी एकदम थांबली. ती थांबली आणि मागच्या पेठेतली मागांची खटखट त्याला नव्यानं ऐकू आली.

गावात परतला तेव्हा त्याला बघायला सगळं गाव लोटलं. गळ्यात फितीनं बांधलेली चांदीची नळी, वर मलमलीचा तुकडा. श्वास घेतला की मलमल आत जायची, सोडला की फुगायची. केराबाई नावाची म्हातारी होती, तिनं जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, “आगं बया, ह्येच्या गळ्यात चिमनी बसलीया की!” दावलनं नळीवर बोट ठेवलं आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाला, “दाना टाक.” केराबाई दोन पावलं मागं सरली आणि मग सगळे हसले.

बोटानं तो थोडं बोलायचा. भाव विचारायचा, मलनबीला हाक मारायचा. बांग मात्र झाली नाही. पीराचा दिवा तो लावायचा, झाडलोट करायचा आणि मावळतीकडं तोंड करून गप्प बसायचा. आमच्या घरी गुरं आत घेण्याची वेळ आता सूर्याकडं बघून ठरवायला लागली.

मग जत्रा आली.

गावात कुजबुज सुरू झाली. सुरी कुणी धरायची? हात दावलचा चांगला होता, पण नुसत्या हातानं भागत नाही, नाव मोठ्यानं घेतलं पाहिजे. नाव घ्यायचं तर एक बोट नळीवर पाहिजे. एका हातात सुरी, एक हात घुंडीवर. तिसरा हात आणायचा कुठून? आबासाहेब पाटलांनी सांगितलं, करकंबच्या मुलाण्याला बोलवा, त्यात दावलचा अपमान नाही, त्याचा वाटा त्याला पोचवू. माणूस धाडायचंही ठरलं.

दावलला हे कळलं तसा तो चावडीवर आला. बोट नळीवर ठेवून म्हणाला, “माझं गाव हाय.” पुढचं बोलायला वारा पुरला नाही. तो तसाच उभा राहिला, छाती वरखाली होत, मलमल फडफडत.

पाटील जमिनीकडं बघत होते. तेव्हा कोपऱ्यातून आमचे तात्या उठले.

“हात मी देतो,” म्हणाले.

“म्हंजे?”

“बोट माझं. नळीवर मी ठिवतो. नाव त्योच घेईल, वारा त्येचाच, सुरी त्येचीच. मी नुसतं दार लावायचं.”

येडू नावाचा एकजण हसला. “कोंडीबा, म्हंजे तू मुलान्याचं नरडं धरनार?”

“व्हय,” तात्या म्हणाले. “लई वर्सं मनात हुतं. आता गावादेखत धरतो.”

चावडी हसली. पाटीलही हसले. मग त्यांनी दावलकडं बघून विचारलं, “दावल, चालंल का तुमच्या धर्माला?” दावल थोडा विचार करत राहिला. घाईनं हो म्हणणारा तो नव्हता. त्यानं आपल्या ओठांवर बोट टेकलं, मग छातीवर टेकलं, मग मान हलवली. शब्द माझा, वारा माझा, असं त्याचं म्हणणं असावं. करकंबला माणूस गेला नाही.

जत्रेच्या दिवशी पहिलं बकरं आमच्याच घरचं होतं. हलग्या वाजत होत्या. गाव कोंडाळं करून उभं होतं. दावलनं बकऱ्याला पाणी पाजलं. सुरी पाठीमागं धरली. आडवं केलं, तोंड मावळतीकडं. डावा अंगठा घुंडीवर. तात्या त्याच्या मागं उकिडवे बसले आणि खांद्यावरून हात घालून तर्जनी त्याच्या गळ्याशी नेली.

दावल एकदम खोकला. मलमल उडाली.

“काय झालं?” लोक पुढं सरकले.

दावलनं सुरी खाली ठेवली, मागं वळून तात्यांचं बोट धरून बघितलं आणि नाक मुरडलं. तंबाखू.

“आरं, धू की बोट!” पाटील ओरडले. तात्या उठून हात धुऊन आले, पुन्हा बसले. हलग्या आपोआप थांबल्या. एवढ्या माणसांत नुसता दावलचा श्वास ऐकू येत होता. अंगठा खाली सरकला, थांबला. दावलनं डोळ्यानं खूण केली. तात्यांनी नळीचं तोंड दाबलं.

आवाज आला. पूर्वीचा नव्हे. खडकावर लोखंड घासावं तसा, तुटका, खोल कुठूनतरी वर चढून आलेला. पण अल्लाचं नाव सबंध आलं, शेवटच्या माणसापर्यंत गेलं, आणि त्याच श्वासात सुरी ओढली गेली. चारी एका ओढीत. बकरं तडफडलं नाही.

दावल तसाच बसून राहिला. मग त्यानं कोपरानं तात्यांना ढोसलं, जोरानं, एकदा, दोनदा. तात्या बकऱ्याकडंच बघत राहिले होते, बोट नळीवर तसंच. श्वास कोंडून दावलचा चेहरा काळानिळा झाला होता.

“आरं सोड की, मारतुयास का त्येला!” केराबाई ओरडली. तात्यांनी दचकून बोट काढलं. सुर्र करून वारा आत गेला. गाव हसलं, हलग्या पुन्हा सुरू झाल्या, आणि दुसरं बकरं पुढं आलं.

ऊन कलेपर्यंत ते दोघं तसेच बसले होते, एकाच्या पाठीला एक लागून. मध्ये मध्ये येडू विचारायचा, “कोंडीबा, तू घेतुयास का पुढचं नाव?” आणि तात्या म्हणायचे, “मला येत न्हाय. मला नुसतं दार येतं.”

दावल त्यानंतर आणखी काही जत्रा बघून गेला. प्रत्येक वेळी ते बोट त्याच्या गळ्यावर असायचं. पण मला आठवते ती पहिलीच संध्याकाळ. तात्या ओट्यावर बसले होते. मलनबीनं त्यांच्यासाठी घरचं कालवण पाठवलं होतं, ताट समोर होतं, पण ते जेवत नव्हते. उजव्या हाताची तर्जनी दिव्यासमोर धरून बघत होते. बोटाच्या पेरावर नळीच्या तोंडाचा गोल उमटला होता, स्पष्ट, लालसर, नाण्याच्या कडेसारखा. आम्ही जवळ गेलो तसं त्यांनी ते बोट आमच्यापुढं धरलं.

“बघा,” म्हणाले. “दावल्याचा आवाज हितनं गेला.”

मग त्यांनी ते बोट धोतराला पुसलं नाही, तसंच बाजूला ठेवून, बाकीच्या बोटांनी भाकरी मोडली.